दोन बोटं माती

वाल्मिएराच्या शनिवारच्या बाजारात
माझं टेबल कोपऱ्यात, मधवाल्याच्या पलीकडे.
एप्रिल होता. भिंतीच्या कडेला अजून मळकं बर्फ.
माझी नखं काळी,
आणि समोर चकचकीत बुटांचा एक माणूस.

म्हणाला, दरवर्षी परत येणारी फुलं द्या,
पण सगळी एकदम फुलायला हवीत,
मेच्या दुसऱ्या आठवड्यात.
लग्न आहे का घरी, मी विचारलं.
तो हसला नाही.

मग मी सांगत बसले, सगळ्यांना सांगते तसं:
एकदम कुणी फुलत नसतं, बाबा रे.
आधी हेलेबोर, मान खाली घालून,
छपरावरून बर्फ टपटपत असतो तेव्हा.
तिचं तोंड बघायचं तर आपणच गुडघे टेकायचे.
मग पल्मोनारिया, एकाच देठावर
उमलताना गुलाबी, उतारवयात निळी.
मधमाश्यांना ठाऊक असतं, निळीकडे फारशा फिरकत नाहीत.
प्रिम्युला ओलीत लाव, नळाजवळ.
आणि ही डायसेंट्रा, हिला सावली.
मेमध्ये फांदीभर लालगुलाबी थेंब लोंबतात
आणि जुलैत बाई घरदार सोडून जाते,
एक पान मागे ठेवत नाही.
तिथे काठी रोवून ठेव, नाहीतर ऑगस्टमध्ये
रिकामी जागा समजून तूच कुदळ घालशील.
माझ्या आल्डिसने दोनदा घातली.

ऑगस्टमध्ये मी नसेन, तो म्हणाला.

ताकाला आला होता, भांडं आता बाहेर काढलं:
घर आईचं. विकायला काढलंय.
एजंट म्हणते, फोटोत फुलं असली
की भाव बरा येतो.

मला राग यायला हवा होता.
पण सकाळपासून चारच कुंड्या खपल्या होत्या.
फुललेल्या प्रिम्युला दिल्या सहा,
डायसेंट्रा दिली कळ्यांसकट.
कोलंबाइन नको म्हटलं, जूनपर्यंत ती तोंड उघडत नाही.

पैसे दिले तरी तो रेंगाळला.
टेबलाखाली एका कुंडीत
तांबडे कोंब वर आले होते, बोटभर.
हे काय?
पिओनी. तुझ्या कामाची नाही.
तीन वर्षं नुसती पानं देईल.
आईकडे होती, तो म्हणाला,
मी सायकल घातली होती तिच्यावर.
आणि किंमत न विचारता घेऊन गेला.

त्यानंतर तीन वसंत गेले, की चार.
मधवाला वारला, त्याची सून बसते आता.
एक मुलगी आली, लिएने, फोन पुढे करत:
खिडकीखालचं हे झुडूप बघा ना,
पानं कशी तुकतुकीत, पण कळी म्हणून नाही.
काढून टाकू का?
घर विकत घेतलं तेव्हापासून आहे.
तिथेच जवळ एक काठी पण आहे, रोवलेली,
तिच्यावर खिळ्याने कोरलंय:
इथे खणू नका.

मी जरा वेळ कुंड्याच सारख्या करत राहिले.

खणून बघ, म्हटलं. काठीपाशी नाही गं, झुडपापाशी.
फार खोल पुरलं असणार त्याने.
सप्टेंबरात उचल, मुळावरचे लाल डोळे सापडतील,
त्यांच्यावर दोन बोटं माती. तिसरं नको.
इतकं खोल का पुरलं असेल?
पहिल्यांदाच लावत होता, मी म्हटलं. असेलही.

तिने आपली बोटं माझ्या बोटांशेजारी धरली.
माझी जाड, भेगाळलेली. तिची पेन्सिलीसारखी.
दोन म्हणजे तुमची दोन की माझी?
आता याला काय सांगणार.
तुझीच, म्हटलं, बाग तुझी आहे.

मग तिने एक हेलेबोर उचलली,
हनुवटीखाली बोट घालून
फुलाचं तोंड वर केलं, आत पाहिलं,
आणि अर्ध्या युरोसाठी
चांगली दहा मिनिटं घासाघीस केली.